फिकरमास्तर

खोली दाखवण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुमच्या घरी फोन हाय का?"

कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीत शाळेवर मी नुकतीच रुजू झाले होते. पोलादपूरहून जीप जिथवर जायची, तिथून पुढे तासभर चढ होता. सकाळपासून मी दोन घरांत खोली विचारली होती. दोन्हीकडे आधी माझं आडनाव विचारलं गेलं आणि मग खोलीत भात भरून ठेवलाय असं समजलं. महाडच्या बौद्धवस्तीत वाढलेल्या मुलीला तो भात कुठल्या जातीचा असतो ते चांगलं ठाऊक असतं. तिसरं घर पोस्टमास्तरांचं. ते ओट्यावर बसून पत्रांवर शिक्के मारत होते. आता आडनाव येणार म्हणून मी तयारीत उभी, तर यांनी फोनचं काढलं.

"घरी नाही," मी म्हणाले. "शेजारी औषधाच्या दुकानात आहे."

"वाजला की उचलतो का तो?"

"हो, लगेच उचलतो."

मास्तरांचा चेहरा पडला. "मंग त्याला शिकवायला लागेल," ते म्हणाले आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

फोन न उचलायला शिकवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. मोबाइलने तेव्हा अजून डोंगर चढला नव्हता. अख्ख्या वाडीला मिळून एक सार्वजनिक फोन. तो पोस्टात, म्हणजे मास्तरांच्याच माजघरात. भिंतीतल्या देवळीत तो काळा फोन बसवलेला, वर काकींनी विणलेलं पांढरं आच्छादन, शेजारी हळदीकुंकवाची कोयरी. कोयरीची जागा तीच होती, फोन नंतर आला, असं काकी सांगायच्या. पण पाहुण्यांना वाटायचं ते वाटायचंच.

मास्तर उंच, काटकुळे, एका खांद्याने किंचित झुकलेले. तो खांदा टपालाच्या पिशवीने झुकला असं लोक म्हणत. मला विचाराल तर तो खांब ऐकून ऐकून झुकला असावा. पोलादपूरहून फोनची तार जंगलातल्या खांबांवरून वर यायची. टपाल आणायला खाली जाताना मास्तर वाटेतल्या खांबाला कान लावून उभे राहत. डोळे मिटलेले, पिशवी पायाशी. वाऱ्याने तार गुणगुणते, त्यावरून ती कुठे सैल पडलीय ते कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. एकदा मी बरोबर होते, म्हणून मलाही ऐकायला लावलं. मला फक्त वारा ऐकू आला. "येईल, येईल," ते धीर देत म्हणाले. "मलाबी सहा महिने लागले."

त्यांचा सगळा विश्वास एका गोष्टीवर होता. फोन हे बोलायचं यंत्र नाही, वाजवायचं आहे. बोललं की पैसे पडतात. नुसतं वाजवून ठेवलं तर पडत नाहीत. आणि माणसाने माणसाला सांगायचं तरी किती असतं? "चार गोष्टी असतात, बाई," ते म्हणत. "बाकी सगळा आवाज."

त्या चार गोष्टींची त्यांनी लिपी केली होती. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईत, भायखळ्याच्या बाजूला, गावकीच्या एकाच खोलीत राहायचे. खोलीखाली पिठाची गिरणी होती आणि गिरणीत फोन होता. संध्याकाळी सातला गिरणी बंद व्हायची, म्हणून वाडीची वेळ सातची. सात वाजले की तिकडे कुणीतरी एकजण फोनशेजारी येऊन बसे आणि इकडे मास्तर देवळीसमोर उभे राहत. एक घंटी म्हणजे सगळं ठीक आहे. दोन म्हणजे पत्र टाकलंय, वाट बघा. तीन म्हणजे बाळंतपण झालं, दोघं सुखरूप. चार म्हणजे असाल तसे निघा. पाचवी घंटी ठेवली नव्हती, कारण चारच्या पुढे माणसाचा धीर सुटतो आणि तो फोन उचलतो, असा त्यांचा अनुभव होता.

हे निरोप कुणाच्या घरचे, ते कसं कळायचं? यावर तर मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले होते. हिवतापवाल्यांनी दारांवर गेरूने घरांचे नंबर टाकले होते, एक ते एकतीस. सात वाजून पाच मिनिटांनी वाजलं की पाच नंबरचं घर. सात वाजून बारा मिनिटांनी बारा नंबरचं. त्यामुळे दोन्हीकडची घड्याळं मिनिटाला जुळलेली हवीत. सातच्या बातम्यांआधी रेडिओवर ठोके पडायचे, त्या वेळी आमच्या घरात श्वास मोठ्याने घ्यायची बंदी होती. एकदा काकींच्या फोडणीने शेवटचा ठोका बुडवला. मास्तर तीन दिवस फोडणीविना वरण जेवले. शिक्षा नक्की कुणाला झाली ते काकींनी मला हळूच विचारलं होतं.

घरातसुद्धा ते फारसे बोलत नसत. एक खोकला म्हणजे चहा, दोन म्हणजे चष्मा. माझ्या खोलीची आणि माजघराची भिंत फळ्यांची होती. तिच्यावर दोन टकटका म्हणजे जेवण झालंय, तीन म्हणजे पाऊस येतोय, वाळत घातलेलं काढा, आणि चार म्हणजे शाळा तपासायला साहेब खिंडीत दिसलेत. या चार टकटकांनी माझी नोकरी किती वेळा सुखाची केली, ते मी इथे सांगत नाही.

महाडच्या औषधाच्या दुकानदाराला शिकवायला मात्र त्यांना दोन महिने लागले. सवयीने तो फोन उचलायचा आणि मास्तर इकडून काही न बोलता ठेवून द्यायचे. कुणीतरी छळतंय असं वाटून तो बिचारा पोलिसांत जायला निघाला होता. शेवटी माझ्या आईने त्याच्या काउंटरवर बसून त्याचा हात धरून ठेवला, तेव्हा पहिली घंटी पुरती वाजली.

पोलादपूरच्या पोस्टातली गोष्टही सांगायला हवी. तिथल्या फोनच्या डायलला साहेबांनी बोटभर कुलूप घातलं होतं, कुणी फुकट लावू नये म्हणून. वाडीत निरोप द्यायचा असला की मास्तर त्या फोनशेजारी टेबलाला टेकून साहेबांशी पावसापाण्याच्या गप्पा मारत आणि रिसीव्हर हळूच बाजूला सरकवून एका बोटाने तो ठेवायच्या दांडीवर ठेका धरत. तीन आकडा हवा तर तीन टिचक्या, शून्य हवा तर दहा. मध्ये क्षणभर थांबायचं. डायल फिरवला तरी आतून तेवढंच होतं, हे त्यांनी केव्हातरी स्वतःच शोधून काढलं होतं. साहेबांना वाटायचं मास्तरांना भजनाचा नाद आहे. त्या गप्पांच्या मध्येच इकडे आमची देवळी एकदा वाजायची. मग काकी तांदूळ निवडायला घेत, कारण घरापुरता त्या घंटीचा अर्थ मास्तर उशिरा येणार, आणि उशिरा म्हणजे बरोबर लाइनमन जेवायला येणार.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर सात नंबरच्या घरात सुलभा बाळंत झाली.

सुलभाचा नवरा शांताराम मुंबईत होता. घरात ती, तिची सासू आणि शांतारामची आजी, भागाआजी. आजी ऐंशीच्या पुढची. महिनाभर तापाने पडून होती आणि तसं पत्रही मुंबईला गेलं होतं. सुलभाला अजून पंधरा दिवस होते, पण त्या दुपारी सुईणीला बोलवायची वेळ आली आणि पाचच्या सुमाराला मुलगा झाला. संध्याकाळी सात वाजून सात मिनिटांनी मास्तरांनी मुंबईला तीन घंट्या वाजवल्या. मी शेजारीच उभी होते. त्यांनी नेहमीसारखं ओठातल्या ओठात मोजलं, तिसरी संपताच रिसीव्हर ठेवला आणि आनंदाने तीनदा खोकले. या खोकल्याचा अर्थ काकींनाही माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांची हजेरी घेत होते तर खालच्या वाटेने माणसांची रांग वर येताना दिसली. अठराजण होते, सगळे मुंबईकर. पुढे शांताराम, डोळे सुजलेले. मागच्याच्या हातात कोऱ्या कापडाची गुंडाळी, त्याच्या मागच्याच्या डोक्यावर मडकं. पोलादपूरला टेंपोतून उतरून त्यांनी सगळं सामान घेतलं होतं, कारण वाडीत दुकान नाही.

भागाआजी खळ्यात बसून वाल सोलत होती. ताप उतरून तिला चार दिवस झाले होते. तिने डोळ्यांवर हात धरून रांगेकडे पाहिलं.

"कोण गेला रे?" तिने विचारलं.

शांताराम तिच्यापुढे येऊन खाली बसला.

"आजी, तू हायस?"

"मंग कुठं जाणार?"

एवढ्यात आतून बाळ रडलं. सुलभाची सासू ओटीवर आली आणि अठराजणांना बघून दाराला धरून उभी राहिली. काय झालं ते एकेकाच्या लक्षात येऊ लागलं. मडकेवाल्याने मडकं डोक्यावरून उतरवून पाठीमागे लपवायला घेतलं, पण तोवर म्हातारीला सगळं कळलं होतं. ती रागावेल असं मला वाटलं. तिने वालाची टोपली बाजूला ठेवली, मडकं मागून घेतलं, बोटाने वाजवून पाहिलं.

"बरं हाय," ती म्हणाली. "चांगलं भाजलेलं हाय. पाण्याला ठेव गो कुणीतरी." मग शांतारामाकडे वळली. "मी मेले म्हणून अठराजण आलात. गणपतीला तिघं व्हतात."

कोरं कापड बाळाच्या झोळीला वापरलं. सगळे आलेच आहेत तर बारसं उरकून घेऊ म्हणून बाराव्या दिवसाची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी पाळणा बांधला. दोन दिवस वाडीत इतकी माणसं होती की माझ्या वर्गात पाहुणे झोपले. परत जाताना मुंबईकर हसत गेले. आठवड्याने भागाआजी काठी टेकत पोस्टात आली आणि म्हणाली, "मास्तर, शिमग्याला परत चार वाजव."

सगळी वाडी हसली. मास्तर तेवढे हसले नाहीत.

आपण चार वाजवल्या, असंच त्यांनी मनाशी धरलं होतं. मी शेजारी उभी होते, तीनच वाजल्या, असं मी दहादा सांगितलं. ते ऐकून घेत आणि म्हणत, "तुमी माझं मन राखायला बोलता. मुंबईत चार ऐकल्या, त्या कुठून आल्या?" त्यानंतर सात वाजले की ते आच्छादन घातलेल्या फोनकडे पाठ करून बसू लागले. लोक येऊन ताटकळत, मग आपापल्या घरी जात. घंटी-वही, म्हणजे ज्यात ते रोजचे निरोप लिहून ठेवत ती, काकींच्या ट्रंकेत गेली. एका दुपारी ते चिंचोके मोजताना मला दिसले. तीन मोजायचे, बाजूला करायचे, पुन्हा तीन मोजायचे. ऐंशी वर्षांची बाई आपल्या बोटाने मेली, तीही घटकाभर का होईना, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

मडक्याची गोष्ट पोलादपूरभर झाली आणि व्हायचं तेच झालं. तिथल्या एका एसटीडी बूथवाल्याने अर्ज ठोकला की अमुक वाडीत सरकारी फोनचा गैरवापर होतो. पंधरा दिवसांनी टेलिफोन खात्याचे एक साहेब चढ चढून वर आले. तरुण इंजिनियर, घाटावरचे, पायात गुळगुळीत बूट. ओट्यावर टेकल्यावर पाच मिनिटं त्यांना बोलताच आलं नाही. काकींनी कोकमाचं सरबत दिलं. वाडीतली निम्मी माणसं अंगणात जमली. फोन जाणार, हे सगळ्यांनी मनात धरलं होतं.

साहेबांनी वही मागितली. मास्तरांनी ती काकींच्या ट्रंकेतून स्वतः काढून आणून दिली. साहेब एकेक पान उलटत गेले. मिनिटांचा हिशोब लक्षात आल्यावर ते मागे फिरून पहिल्या पानावर आले आणि सगळं पुन्हा वाचलं.

"हे तुम्ही कुठे शिकलात?"

"कुठं नाय. करत करत झालं."

"पण ही चोरी आहे, मास्तर."

"बोललोच नाय, तर चोरी कसली, साहेब?" मास्तर हळू आवाजात म्हणाले. "पण तुमी न्या फोन. माझ्या हातून चूक झालीय. तीनच्या चार वाजवल्या मी."

साहेबांनी सगळी हकिकत विचारून घेतली. मडक्यापाशी त्यांना हसू आवरेना, पण मास्तरांचा चेहरा बघून त्यांनी ते सरबताबरोबर गिळलं.

"गेल्या महिन्यात मुंबईच्या त्या भागात नवं एक्स्चेंज बसलंय," ते म्हणाले. "तुम्हाला इथे कानात जी घंटी ऐकू येते, ती तिकडे वाजणारी घंटी नव्हेच. ती निराळी. आधी दोन्ही बरोबरीने चालायच्या, म्हणून तुमचं जमलं. आता एखादी मागेपुढे होते. तुम्ही तीन ऐकल्या, तिकडे चार वाजल्या."

मास्तरांनी अंगठ्याने तीन बोटं मोजली.

"मंजे मी तीनच वाजवल्या?"

"तीनच वाजवल्यात."

मास्तर उठून आत गेले. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि पंच्याने ते पुसत होते, जरा जास्तच वेळ पुसत होते.

"तुम्हाला घंट्या मोजायच्याच कशाला?" साहेब सहज बोलून गेले. "फोन मोजायचे. एकदा वाजवून ठेवलात तो एक. त्याच मिनिटात पुन्हा वाजवलात तो दोन. मग कितीही घंट्या..." आणि ते एकदम थांबले. आपण कशासाठी आलो होतो ते त्यांना आठवलं असावं. मास्तरांनी तोवर खिशातलं पेन काढलं होतं.

मग मास्तरांनी विचारलं, "असं करणाऱ्याला काय म्हणतात, साहेब? तुमाला कागदावर काहीतरी लिहायला लागेल."

"इंग्रजीत एक शब्द आहे."

"शिवी हाय का?"

"शिवी नाही. फ्रीकर. परदेशात अशी माणसं होती. फोनच्या जाळ्यात शिरायच्या वाटा शोधायची, पुष्कळदा नुसत्या नादापायी. काही तर शिट्टी वाजवून एक्स्चेंजला फसवायची. फ्रीक म्हणजे... कसं सांगू, तऱ्हेवाईक माणूस."

"येडा," काकी दारातून म्हणाल्या.

"फोनचा वेडा," साहेबांनी सौम्य करून दिलं.

मास्तरांनी तो शब्द एका कोऱ्या पोस्टकार्डावर लिहून घेतला. साहेबांनी इंग्रजी स्पेलिंग सांगितलं, त्यातलं पहिलं अक्षर फोनच्या फ सारखं, पी-एच. हा शब्द फोनच्या घराण्यातला आहे हे कळल्यावर मास्तरांना जो आनंद झाला, तो मी त्यांना पोस्टाचं पंचवीस वर्षांचं प्रशस्तिपत्रक मिळालं तेव्हाही पाहिला नाही.

"आता अहवालात काय लिहू?" साहेब म्हणाले. "या फोनवरून एवढी कमी बोलणी का होतात, असं मला विचारलंय. गावात बोलणारी माणसं कमी आहेत, असं लिहितो." त्याच वेळी अंगणामागच्या नळावर दोन बायकांचं असं काही जुंपलं होतं की साहेबांना हे वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

निघताना ते देवळीपाशी घुटमळले. "महाडला घरी एक फोन लावू का? वर येताना पाऊस होता. ही काळजी करत असेल."

"बोलायचंय का कळवायचंय?" मास्तरांनी विचारलं.

साहेबांनी अंगणाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. "कळवायचंय," ते म्हणाले.

"मंग एकदा वाजवून ठेवा."

त्यांनी ठेवला. महाडमध्ये त्या बाईंना काय कळलं असेल देव जाणे, कारण त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

नव्या पद्धतीने वाडीचे निरोप पुन्हा सुरू झाले आणि पुढे कधी चुकले नाहीत. शिट्टीचं मात्र साहेबांनी सांगायला नको होतं. पुढचे आठ दिवस मास्तर रिसीव्हर तोंडाशी धरून बारीक, जाड, लांब, तुटक अशा शिट्ट्या वाजवत होते. एक्स्चेंज बधलं नाही. शेजारचा कुत्रा मात्र ओट्यावर मुक्कामाला आला. आणि फ्रीकर हा शब्द वाडीच्या तोंडात काही बसेना. त्याचं दोन दिवसांत फिकर झालं. पोस्टमास्तरांचे ते फिकरमास्तर झाले. ते दरवेळी दुरुस्त करायचे, "पी-एच हाय त्यात." पण बायका मुंबईचा निरोप आला का विचारायला यायच्या आणि म्हणायच्या, "फिकर हायत का घरी?" काकी म्हणायच्या, "हाय की, आतच बसलीय."

सहा वर्षांनी माझी बदली झाली. नंतर मोबाइल आले, देवळीतला फोन खात्याने परत नेला, मास्तर निवृत्त झाले. मी वर जात राहिले, पण वर्षातून एकदाच. आता मी पोलादपुरात एका शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि मास्तर पंच्याऐंशीच्या घरात आहेत. कान गेले नाहीत, गुडघे गेलेत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेत पोलिसांनी एक कार्यक्रम ठेवला. फोनवरून होणाऱ्या फसवणुकीपासून ज्येष्ठांनी कसं सावध राहावं, असा विषय. मास्तर आणि काकी एसटीने आले आणि पहिल्या रांगेत बसले. बोलायला एक तरुण महिला पोलीस होत्या, हुशार आणि कामसू. त्यांनी विचारलं, "असा फोन इथे कुणाला आलाय?" मास्तरांनी हात वर केला.

"मला आला. बँकेतनं बोलतो म्हणाला. खातं बंद पडेल, आकडा सांगा म्हणाला."

"मग आजोबा, तुम्ही लगेच ठेवून दिलात ना?"

"नाय. त्याचा फोन मुंबईतनं आल्यासारखा दिसत व्हता, पण मागचा आवाज मुंबईचा नव्हता. मी इचारलं, हे कसं करतोस? तो पहिल्यांदा शिव्या घालाय लागला. मी म्हटलं, मीबी याच धंद्यातला हाय, तू मला तुझं सांग, मी तुला माझं सांगतो. मंग त्यानं सांगितलं."

सभागृहात हशा पिकला. पोलीसबाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. "किती वेळ बोललात?"

"पाऊण तास," काकी म्हणाल्या. "माझ्याशी लग्नापासून मिळून नसतील बोलले."

"पोरगा हुशार हाय," मास्तर पुढे म्हणाले. "पण चोर हाय. आमच्यात आनि त्यांच्यात फरक हाय, ते लिहून घ्या. मी त्याला इचारलं, घरी काय सांगितलंस? म्हणाला, हाफिसात हाय. आईशी कधी बोललास? तर गप. मी म्हटलं, बोलायची लाज वाटत असंल तर नको बोलू. एकदा वाजव नि ठेव. तिला कळंल जिता हायस. मंग त्यानंच फोन ठेवला."

पोलीसबाई पुढे आल्या. "आजोबा, त्याचा नंबर द्या. तक्रार नोंदवू."

"नंबर नाय," मास्तर म्हणाले.

वाडीतल्या एकतीस घरांच्या पोरांचे नंबर या माणसाला आजही तोंडपाठ आहेत.

कार्यक्रमानंतर मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. काकी पुढे जागा बघत होत्या. मी विचारलं, "मास्तर, नंबर खरंच नाही?"

"जो दिसला तो खोटाच व्हता, बाई. त्याचा काय उपयोग?" मग ते जवळ सरकले. "दुसऱ्या दिवशी सातला एक फोन आला. वेगळ्या नंबरावरनं. एकदा वाजला नि बंद."

"त्याचाच?"

"मला तेच कळंना. वाजवून इचारावं तर ते घंटीत बसत नाय. मंग मीच लावला नि बोललो. आवाज तोच. काय सांगू आता तुमाला, आईला द्यायची ती घंटी मला दिली येड्यानं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

एसटी स्टँडात शिरत होती. मास्तरांनी काठी सावरली.

"म्हटलं, राँग नंबर लागलाय रे तुझा. बरोबर लाव."